पावसाळ्यात घरगाडी ठेवताय? आधी भोकं बुजवा

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मृग निघायला आता पंधरवडा उरला आहे. सुट्टीतले प्रवास आटोपून लोक आपल्या घरगाड्या, कॅराव्हॅन, मागे झोपायची सोय केलेल्या व्हॅन धुऊनपुसून चार-पाच महिन्यांसाठी ठेवून देतील. कुणी मळ्यातल्या शेडात, कुणी भाड्याच्या गोदामात, तर कुणी नुसती ताडपत्री टाकून घराशेजारच्या बोळात. दसऱ्याला ताडपत्री निघेल तेव्हा त्यातल्या काही गाड्यांत कुरतडलेल्या वायरी आणि उंदरांची पिल्लं सापडतील. हे टाळायचं असेल तर ते आत्ता, गाडी ठेवण्याच्या आधीच टाळावं लागतं. म्हणून हे पत्र मे महिन्यातच लिहितो आहे. पत्र लांबलं आहे, तरी शक्यतो पूर्ण छापावं ही विनंती.

मी एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. निवृत्तीनंतर एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. मागच्या सीटा काढून पलंग, छोटा ओटा, सिंक, ४० लिटरची पाण्याची टाकी, ५ किलोचा सिलिंडर आणि दिव्या-पंख्यासाठी एक वेगळी बॅटरी बसवली. आरटीओत बदलाची रीतसर नोंद केली. वायरिंग मी स्वतः ओढलं, पडदे आमच्या सौ.नी शिवले. दिवाळीपासून मेपर्यंत आम्ही दोघं आणि सुट्टीत नात असे गगनबावड्याहून खाली कोकणात, कधी पंढरपूरला, कधी आंबा घाटात जातो. पाऊस लागला की गाडी वडणग्याला मेहुण्यांच्या मळ्यातल्या पत्र्याच्या शेडात जाते. राज्य सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशी गाडी कशी करायची हे मला विचारायला येणारे वाढले आहेत. सगळे पलंगाबद्दल, सोलरबद्दल, संडासाबद्दल विचारतात. पावसाळ्यात गाडी ठेवायची कशी, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात, घटस्थापना झाल्यावर आम्ही गाडी काढायला वडणग्याला गेलो. मागचं दार उघडल्याबरोबर मुताचा उग्र वास आला. पलंगाखालच्या खणात सौ.च्या आईने हाताने शिवलेली वाकळ होती, जुन्या नऊवारी लुगड्यांची. तिला मधोमध ताटाएवढं भोक पडलेलं होतं आणि त्या चिंध्यांच्या गोळ्यात डोळे न उघडलेली सात पिल्लं होती. सौ. वाकळ मांडीवर घेऊन शेडाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिल्या. आई जाऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती. वायरिंग मी पुन्हा ओढू शकतो, गादी नवी भरता येते. ती वाकळ कुठून आणणार?

वायरिंगची दशा त्याहून वाईट होती. ओट्यामागे सहा वायरींचा जुडगा जातो, त्यातल्या चारांचं आवरण वीतभर सोललेलं होतं आणि उघडी तांब्याची तार एकमेकींपासून जेमतेम दोन सूत अंतरावर होती. तिथून हातभर अंतरावर गॅसची नळी. ती साधी रबरी नळी होती, आणि तिलाही दातांच्या खुणा होत्या. त्या दिवशी मी नेहमीच्या सवयीने आधी बॅटरी जोडून दिवा लावला असता, किंवा नातीने चहासाठी शेगडी पेटवली असती, तर काय झालं असतं याचा विचार मला अजून झोपू देत नाही. नवीन वायरिंग, गादी, प्लायचे दोन तुकडे आणि नळी मिळून २३ हजार रुपये गेले, आणि वायरिंगची मजुरी माझी स्वतःची होती.

इथे एक गोष्ट घरगाडीवाल्यांनी नीट समजून घ्यावी. साध्या गाडीत किल्ली बंद केली की बहुतेक वायरिंगचा करंट तुटतो. घरगाडीत मागची बॅटरी वेगळी असते, तिचा किल्लीशी संबंध नसतो. गाडी शेडात उभी असली तरी दिवे, पंखा, पाण्याची मोटार यांच्या वायरींत १२ व्होल्ट चालूच असतात. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण मोठ्या बॅटरीच्या दोन उघड्या तारा टेकल्या की लालबुंद व्हायला क्षण लागत नाही. तेव्हा गाडी ठेवताना दोन्ही बॅटऱ्यांची निगेटिव्ह काढून ठेवावी, किंवा एसटीच्या गाडीला असतो तसा कटऑफ स्विच बसवून तो पाडावा. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ असावा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. तसं असेल तर ती गाडी पावसाळाभर ठेवूच नये, आधी दुरुस्त करावी.

उंदीर येतात कुठून हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. आपल्याकडे चारी बाजूंनी ऊस. उंदीर-घुशींना वर्षभर गोड खायला आणि दाट सावली मिळते. आडवा पडलेला ऊस तर ते बुडापासून पोखरतात. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की ते कोरड्या जागेच्या शोधात निघतात. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघालं की नदीकाठच्या मळ्यांतले सगळे लहानमोठे जीव उंचवट्यावर चढतात, हे २०१९ ला आणि २०२१ ला आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. पाण्याच्या वर असलेलं, कोरडं, अंधारं शेड आणि त्यातली कापसाच्या गादीची गाडी त्यांना सोडवत नाही. दुसरी लाट उसाला तोड आली की येते. एका दिवसात फड मोकळा होतो आणि त्यातले उंदीर सरळ जवळच्या गोठ्यात, शेडात शिरतात. त्यामुळे ज्यांची गाडी दिवाळीनंतरही उभी राहणार आहे त्यांनी पाऊस थांबला म्हणून निश्चिंत होऊ नये.

आमच्या बाबतीत त्यात आमचीही चूक होती. गाडीच्या मागच्या चाकाला लागून मेहुण्यांची सरकी पेंडीची पोती रचलेली होती, आणि आतमध्ये सीटच्या रुळाखाली भडंगाचे दाणे सांडलेले होते. मेच्या प्रवासात नातीच्या हातून पिशवी फुटली होती. वरवर झाडलं, रुळाखालचं राहिलं. सिंकजवळ कपड्यांचा साबण आणि मेणबत्त्यांचा पुडा होता. उंदीर साबण आणि मेण दोन्ही खातात हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. साबणाच्या वडीवर दातांच्या बारीक रेघा होत्या आणि ती अर्धी संपलेली होती.

आता औषधाबद्दल. २०२२ सालीही थोड्या लेंड्या सापडल्या होत्या, तेव्हा मेहुणे म्हणाले, "दाजी, पन्नास रुपयांचं औषध टाकतो, दोन दिसांत शेड साफ." मी हो म्हटलं. त्या निळ्या वड्या रक्त पातळ करणाऱ्या असतात. उंदीर ती खाऊन लगेच मरत नाही, तीन-चार दिवस, कधी आठवडाभर हिंडतो. तहान लागून बाहेर जाऊन मरतो असं सगळे सांगतात, तसं काही नसतं. तो जिथे राहतो तिथेच मरतो. आमचा मेला बाजूच्या पत्र्याच्या आणि प्लायच्या मधल्या पोकळीत, जिथे उष्णता अडवायला थर्माकोल भरला आहे. प्लाय काढेपर्यंत दीड महिना गाडीत बसता आलं नाही. दुसरा मेला गोठ्यापाशी आणि तो शेजाऱ्यांच्या बोक्याने खाल्ला. बोक्याच्या नाकातून रक्त यायला लागलं. जनावरांच्या डॉक्टरांनी व्हिटॅमिन के ची इंजेक्शनं दिली म्हणून तो वाचला. दुसरी काळी भुकटी येते, झिंक फॉस्फाइडची, लसणासारखा वास येणारी. तिच्यावर तर उतारा नाही. पोटात गेल्यावर तिचा विषारी वायू होतो. शेतात जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली ती वापरतात, पण ज्या गाडीत आपण स्वयंपाक करणार, लहान मूल झोपणार, त्या गाडीत ती नेऊच नये. आणि विषाने आजचे उंदीर मेले तरी भोक तसंच राहतं. मादी तीन आठवड्यांत विते, पिल्लं दोन-तीन महिन्यांत वयात येतात. मोकळी झालेली जागा उसातले पुढचे उंदीर भरून काढतात.

म्हणून २०२३ नंतर मी ठरवलं की उंदीर मारण्यात वेळ घालवायचा नाही, त्याला आत येऊ द्यायचंच नाही. गेले दोन पावसाळे आमच्या गाडीत एक लेंडी सापडलेली नाही. काय केलं ते सविस्तर लिहितो.

लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढं, म्हणजे पाव इंचाहून जरासं मोठं भोक पुरतं. मोठ्याला अर्धा इंच. डोकं गेलं की अंग मागून जातं. अशी भोकं दिवसा उजेडी सापडत नाहीत. आम्ही रात्री शेडातला दिवा घालवला, मी आणि नात गाडीत बसलो, पडदे ओढले आणि मेहुणे मोठा टॉर्च घेऊन गाडीखाली सरकले. जिथून उजेड आत आला तिथे नातीने खडूने खूण केली. "आजोबा, इथं एक चांदणी," असं म्हणत तिने सतरा खुणा केल्या. ज्या गाडीचा प्रत्येक स्क्रू मी फिरवला होता तिच्यात सतरा भोकं. सिंकचं पाणी जाणाऱ्या पाइपभोवती, टाकीच्या बोल्टांशेजारी, बाहेरून लाइट जोडायची केबल येते तिथे, गिअरच्या दांडीच्या फाटलेल्या रबराखाली, क्लच-ब्रेकच्या पॅडलमागे, मागच्या दाराच्या रबराला कोपऱ्यात. पुढच्या काचेखाली हवा आत घ्यायची जाळी असते, तिथूनही वाट होती. त्या जाळीतून उंदीर एसीच्या ब्लोअरमध्ये उतरतो आणि तिथे घरटं करतो. मग एसी लावला की वास सगळ्या गाडीभर.

बुजवायला नुसता फुगणारा फोम मारू नका. उंदीर तो एका रात्रीत कोरतो. फोमच्या आधी आत स्टीलची भांडी घासायची घासणी दाबून बसवावी, वर एम-सील किंवा सिलिकॉन. साधी लोखंडी वूल आपल्या पावसात दोन महिन्यांत गंजून भुगा होते, म्हणून घासणी न गंजणारी घ्यावी. मोठ्या भोकाला गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा तुकडा रिव्हेट मारून बसवावा. मी उद्यमनगरात पत्रा कापून घेतला आणि पाव इंची चौकोनी वेल्डमेश, म्हणजे तारेची जाळी, लक्ष्मीपुरीतून आणली. प्लॅस्टिकची मच्छरदाणीची जाळी चालत नाही. सगळं सामान अडीच हजारांच्या आत आलं.

एक खबरदारी मात्र इलेक्ट्रिशियन म्हणून हात जोडून सांगतो. जिथून वायर जाते त्या भोकात स्टीलची घासणी थेट वायरीभोवती कोंबू नका. तिची धार गाडीच्या हादऱ्याने वायरीचं आवरण कापते, म्हणजे उंदराचं काम आपणच केल्यासारखं. आधी वायर पाइपमधून किंवा जाड रबरी ग्रोमेटमधून (भोकाच्या कडेला बसणारं रबरी कडं) न्यावी, मग पाइपभोवतीची फट बुजवावी.

आणि दोन भोकं अशी आहेत की जी कधीही बंद करायची नाहीत. सिलिंडरच्या खणाला तळाशी झरोका असतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, तो गळला तर खाली साचतो आणि त्या झरोक्यातून बाहेर जातो. तो बुजवणं म्हणजे गाडीत गॅस कोंडणं. तसाच बॅटरीच्या पेटीचा झरोका, कारण पाणी घालायच्या बॅटरीतून चार्जिंग होताना हायड्रोजन निघतो. या दोन्ही ठिकाणी फक्त वेल्डमेश लावावी आणि दर वर्षी धूळ-जळमटं काढून हवा जाते ना ते पाहावं. हे ठाऊक नसलेल्या एका ओळखीच्या माणसाने गेल्या वर्षी उत्साहाने सगळी भोकं बुजवली होती, सिलिंडरच्या खणाचंसुद्धा. मी बघितलं म्हणून उघडलं. गॅसची नळीही आता मी आतून तारेची जाळी असलेली, नारिंगी रंगाची, आयएसआय मार्कची लावतो आणि पाच वर्षांनी बदलतो. ठेवताना सिलिंडर गाडीतून काढून घेतो.

सायलेन्सरच्या तोंडालाही जाळीची टोपी लावतो. ती काढल्याशिवाय गाडी सुरू होता कामा नये, म्हणून स्टिअरिंगला लाल फडकं बांधतो. कार्यशाळेत ज्या गाडीखाली माणूस असे तिच्या स्टिअरिंगला आम्ही असंच फडकं बांधत असू.

आतून गाडी रिकामी म्हणजे खरोखर रिकामी करायची. अन्नाचा कण, गूळ, मसाल्याचे डबे, साबण, मेणबत्त्या, काड्यापेटी, टिश्यू, वर्तमानपत्रं, सगळं बाहेर. सीट रुळावरून सरकवून खाली व्हॅक्यूम मारायचा. पाण्याची टाकी, पाइप रिकामे करायचे, कारण उंदराला कोरड्या शेडात पाणी मिळालं की तो हलत नाही. सिंकला बूच लावायचं. गाद्या शक्य असेल तर घरी आणायच्या. कापसाची गादी म्हणजे उंदराला आयतं घरटं. घरी जागा नसेल तर गाडीतच उभ्या करून ठेवाव्या, पलंगाखाली अंधारात घडी घालून ठेवू नयेत.

मेहुण्यांना मी पेंडीसाठी झाकणाचे दोन पत्र्याचे पिंप आणून दिले. सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडला असं माझं मत आहे. गाडी भिंतीपासून तीन फूट लांब उभी करतो, भोवती काही रचू देत नाही. कडब्याची गंज शेडाबाहेर गेली. ताडपत्रीच्या दोऱ्या जमिनीपर्यंत लोंबत ठेवत नाही, त्यावरून उंदीर चढतो. टायरवरून तर तो चढतोच, ते कुणी थांबवू शकत नाही. पण चढून आत जायला वाट नसली की परत उतरतो.

तो उतरतो हे मला रांगोळीने सांगितलं. गाडीभोवती वीतभर रुंदीचा रांगोळीचा पट्टा चाळणीने पसरायचा. दर आठवड्याला मेहुणे बघतात आणि फोटो पाठवतात. उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच, मधे शेपटीची रेघ. पाय आलेले आणि गेलेले दोन्ही दिसतात. एकदा सगळेच पाय पाच बोटांचे दिसले, ती चिचुंद्री होती. चिचुंद्रीला लोक उंदीर समजून मारतात. ती उंदराच्या कुळातली नाही, वायरी कुरतडत नाही, झुरळं-किडे खाते. तिला जाऊ द्यावं. रांगोळीवर नव्या खुणा वाढल्या तर पिंजरा लावतो, भिंतीच्या कडेला, कारण उंदीर उघड्यावरून न जाता भिंत धरून जातो. भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा किंवा सुकट चांगली चालते. पिंजरा पहिले तीन-चार दिवस चाप न लावता नुसता उघडा ठेवायचा. नवीन वस्तूला मोठा उंदीर बिचकतो, सवय झाली की आत जातो. चिकट पुठ्ठे मी वापरत नाही. त्यावर उंदीर दिवसभर तडफडतो आणि कधी पाल, कधी चिमणी चिकटते. ते बघवत नाही.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये शेडात साडेसहा फुटी धामण निघाली. गड्याने काठी उचलली होती, मेहुण्यांनी हात धरला. धामण बिनविषारी आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे, आणि उंदीर हेच तिचं मुख्य खाणं. मळ्यातल्या जुन्या विहिरीच्या कपारीत गव्हाणी घुबडाची जोडी आहे, तिचंही तेच. विषाच्या वड्या खाल्लेला उंदीर या दोघांच्या पोटात जातो, म्हणूनही मला त्या वड्या नकोत.

बाकी जे उपाय सांगितले जातात त्यांवर पैसे घालवू नयेत. डांबरगोळ्यांनी उंदीर जात नाही, पण त्यांचा वास गादीत महिनोन्महिने राहतो आणि लहान मुलांना तो बाधतो. बॉनेटमध्ये निपाणीच्या तंबाखूची पानं ठेवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. मीही ठेवली होती. ताजी असताना आठ दिवस ठीक, पुढे आपल्या पावसात पानांना बुरशी येते आणि वास जातो. कर्णकर्कश आवाजाची यंत्रं उंदराला आधी दचकवतात, मग तो त्यांच्याशेजारी झोपतो. नवीन वायरींच्या आवरणात सोयाबीन असतं म्हणून उंदीर खातो, असं हल्ली ठामपणे सांगतात. ३१ वर्षांत मी साध्या पीव्हीसीच्या, जुन्या रबराच्या, सगळ्या प्रकारच्या वायरी कुरतडलेल्या पाहिल्या. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, वर्षाला चार इंचांहून जास्त. ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. वायर बदलून काही होत नाही.

ज्यांच्या गाडीत यंदा उंदीर सापडतील त्यांनी घाईने केरसुणी हातात घेऊ नये. लेंड्या आणि वाळलेलं मूत झाडताना धूळ नाकातोंडात जाते. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, हाताला बारीक चीर असली तरी तिथून जंतू शिरतात. आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास हवा खेळू द्यावी, मास्क आणि रबरी हातमोजे घालावेत, ब्लीचिंग पावडरचं पाणी फवारून दहा मिनिटं भिजू द्यावं, मग ओल्या कापडाने पुसावं. गादी फाटलेली असेल तर मोह न धरता टाकून द्यावी. बॅटरी जोडण्याआधी बॉनेट उघडून आणि ओट्यामागचा प्लाय काढून प्रत्येक जुडगा डोळ्यांनी बघावा. विम्याच्या भरवशावर तर राहूच नये. आमच्या वायरिंगचा दावा विमा कंपनीने नाकारला. पॉलिसीत उंदीर-घुशींबद्दल काय लिहिलं आहे ते घेतानाच वाचावं, मी वाचलं नव्हतं.

माझी खरी विनंती घरगाड्या बांधून देणाऱ्या आपल्याकडच्या बॉडीबिल्डरांना आहे. तुमचं काम सुंदर असतं, प्लायला लॅमिनेट, दिव्यांना मंद उजेड. पण पाइपासाठी दोन इंची भोक पाडता आणि त्यातून एक इंची पाइप नेता. फळी बसवण्याच्या आधी तिथे पत्र्याची चकती आणि जाळी मारायला पाच मिनिटं लागतात. फळी बसल्यावर ग्राहकाला त्यासाठी अख्खा ओटा उखडावा लागतो, मी उखडला आहे. गाडी ताब्यात देताना रात्री एकदा आत बसून, खालून दिवा मारून ग्राहकाला दाखवा. गाडी घेणाऱ्यांनीही हे मागून घ्यावं. आणि जे शेड भाड्याने देतात त्यांनी खताची, पेंडीची, धान्याची पोती आणि गाड्या एका छपराखाली ठेवू नयेत, एवढं तरी करावं.

सौ.नी वाकळीचं भोक स्वतःच्या एका जुन्या साडीच्या तुकड्याने बुजवलं. रंग जुळत नाही, पण ऊब आहे. ती आता गाडीत येते आणि गाडीबरोबरच घरी परतते, शेडात जात नाही.

यंदा ३१ मेला गाडी वडणग्याला जाईल. त्याआधी दोन दिवस ती आमच्या दारात, फुलेवाडीत, सगळे खण उघडे टाकून उभी असेल. जाता-येता कुणाला जाळी कुठे, कशी मारली आहे ते बघायचं असेल तर खुशाल खाली वाकून बघावं. मी तिथेच असतो, टॉर्च हातात देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी इलेक्ट्रिशियन
फुलेवाडी, कोल्हापूर